वाळूचा फिल्टर पुन्हा पुन्हा तुंबतो? आधी वाळूतून हात बाहेर काढा

धार बारीक होते. वरची वाळू हलवून गढूळ पाणी उपसलं की पुन्हा जोम धरते. आठवडा सरत नाही तोच परत सुतासारखी. पुन्हा साफसफाई, पुन्हा चार दिवस बरे, पुन्हा तेच रडगाणं. घरगुती वाळूच्या फिल्टरची ही नेहमीची तक्रार, आणि दोन वर्षं ती माझीही होती. मी तर कहरच केला होता. धार खरंच कमी झालीय का हे न बघता दर रविवारी बाह्या सरसावून हात घालायचो आणि वाळू मनसोक्त खालीवर करायचो. स्वच्छतेचं समाधान भरपूर मिळायचं. फिल्टर मात्र दिवसेंदिवस जास्तच तुंबत गेला, कारण त्याला तुंबवणारा मीच होतो.

इथे बोलतोय तो थांबून थांबून चालणारा, उभ्या टाकीतला फिल्टर: वर पाणी ओतायचं, त्याखाली बारीक वाळू, तिच्याखाली रेव, रेवेखाली खडी, आणि तळातून निघून बाजूने वर चढणारी नळी. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात डेव्हिड मॅन्झ यांनी १९९० च्या सुमारास हा बेत घडवला. दाबावर चालणाऱ्या आणि उलट्या पाण्याने धुवायच्या फिल्टरचा हिशोब वेगळा. त्याला यातलं काही लागू नाही.

तुंबलाय, की तसं वाटतंय?

धार डोळ्यांनी जोखू नका, मोजा. टाकी काठोकाठ भरा, लगेच नळीखाली एक लिटरची बाटली धरा आणि घड्याळ लावा. वर साधारण १२ लिटर पाणी मावणाऱ्या फिल्टरमधून मिनिटाला जास्तीत जास्त ०.४ लिटर पाणी यावं, म्हणजे बाटली भरायला अडीच मिनिटं. पाच मिनिटं लागली तरी काही बिघडलेलं नाही. दहा मिनिटं लागू लागली, म्हणजे धार मिनिटाला ०.१ लिटरवर आली, की साफसफाईची वेळ झाली असं समजा. त्याआधी नाही.

काठोकाठ भरण्याचा आग्रह अशासाठी की धार वरच्या पाण्याच्या उंचीवर चालते. टाकी निम्मी उतरली की धारही निम्मी होते. लोक हिशोब मांडतात, अडीच मिनिटाला लिटर तर बारा लिटर अर्ध्या तासात उतरायला हवेत. मग दीड तास लागला की घाबरतात आणि वाळूत हात घालतात. शेवटचे एकदोन लिटर रेंगाळणारच. तो दोष नव्हे.

थंडीतही असाच चकवा बसतो. गार पाणी अंमळ दाट वाहतं. ३० अंशांच्या पाण्याची जी धार असते, ती त्याच वाळूतून १० अंशांच्या पाण्याची साठ टक्क्यांच्या आसपास भरते. वाळू तीच, फिल्टर तोच, कुठे काही अडकलेलं नाही. कडाक्याच्या थंडीत अचानक फिल्टर बिघडला असं वाटलं तर आधी पाण्यात बोट बुडवून बघा.

धार का मंदावते

वाळूच्या अगदी वरच्या एकदोन सेंटिमीटरांत सूक्ष्मजीवांचा एक थर धरतो. जैवथर म्हणतात त्याला. जर्मन भाषेत त्याचं नाव श्मुट्सडेके, म्हणजे सरळ सरळ घाणीची चादर. पण ही घाण आपल्या कामाची आहे. पाण्यातले रोगजंतू इथे अडकतात आणि थरातले जीव त्यांना खातात. नवा फिल्टर पहिल्याच दिवशी स्वच्छ दिसणारं पाणी देतो, पण हा थर पुरता जमायला ३० दिवसांपर्यंत लागतात, म्हणून तोवरचं पाणी निर्जंतुक केल्याशिवाय पिऊ नये.

थर जमत गेला, त्यावर गाळ बसत गेला, की धार हळूहळू कमी होणारच. मंद झालेला फिल्टर बहुतेक वेळा आधीपेक्षा चांगलं गाळत असतो. आपण मात्र बारीक धारेला आजार समजतो आणि औषध म्हणून जो थर जपायचा तोच खरवडून काढतो.

हे नुसतं घरगुती फिल्टरपुरतं नाही. १८९२ साली जर्मनीत हॅम्बर्गला कॉलऱ्याने हाहाकार माजवला, तेव्हा शेजारचं आल्टोना बरंचसं वाचलं, कारण तिथे एल्ब नदीचंच पाणी वाळूतून गाळून दिलं जात होतं. पण पुढच्याच हिवाळ्यात आल्टोनातही छोटी साथ आली. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांनी छडा लावला तेव्हा बोट एका गाळणहौदाकडे गेलं: ऐन गोठवणाऱ्या थंडीत तो साफ करायला घेतला होता आणि त्यानंतर त्याचं गाळणं बिघडलं होतं. साफसफाईनंतरचे दिवस हेच वाळूच्या फिल्टरचे सगळ्यात नाजूक दिवस, हे तेव्हापासून माहीत असलेलं आहे.

साफ केल्यावर किती दिवसांनी तुंबतो?

सगळं निदान या एका प्रश्नात आहे, म्हणून तारखा लिहून ठेवा.

दोन-तीन महिन्यांनी तुंबत असेल तर तक्रार काढून टाका, फिल्टर ठणठणीत आहे. आठ-दहा दिवसांत, किंवा त्याहून लवकर, तुंबत असेल तर दोष वाळूत शोधू नका. तो ओतल्या जाणाऱ्या पाण्यात आहे. साफ करूनही धारेत फरकच पडत नसेल तर अडथळा वरच्या थरात नाहीच: तो खोलवर तरी आहे किंवा नळीत. पहिल्या दिवसापासूनच धार बारीक असेल तर वाळू चुकली आहे. आणि काल छान चालणारा फिल्टर आज एकदम थबकला असेल तर हवा अडकली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण गाळ सहसा एका रात्रीत साचत नाही.

आठ दिवसांत तुंबणारा फिल्टर

दोन लिटरची पारदर्शक बाटली घ्या, ओतायचंच पाणी तिच्यात भरा, आणि ती मोठ्या ठळक अक्षरांच्या छापील कागदावर उभी ठेवा. वरून तोंडातून खाली बघा. अक्षरं लागली तर पाणी थेट ओतायला चालेल. नाही लागली तर गढूळपणा ५० एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) वर आहे, आणि असं पाणी कितीही चांगल्या फिल्टरला काही दिवसांत बसवतंच.

उपाय साधा आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही: पाणी आधी निवळू द्या. रात्री बादली भरून ठेवा, सकाळी न हलवता वरचं पाणी काढून घ्या आणि तळाचं चार बोटं पाणी टाकून द्या. पाणी फारच गढूळ असेल तर तुरटी फिरवून ठेवा. पण तुरटी फिरवल्यावर जे कापसासारखे पुंजके तयार होतात ते पूर्ण खाली बसल्याशिवाय पाणी ओतू नका. हे पुंजके वाळूवर आले की एका दिवसात धार मारतात. तुरटीने फिल्टर बिघडला असं म्हणणारे बहुतेक जण इथे घाई करतात.

दुसरा चोर म्हणजे लोह. जमिनीखालचं पाणी उपसताना नितळ असतं, म्हणून बाटलीच्या परीक्षेत पास होतं. हवा लागली की त्यातलं विरघळलेलं लोह गंजाच्या रंगाचा गाळ होऊन वाळूवर बसतं. वाळूचा पृष्ठभाग तांबूस-नारिंगी दिसत असेल तर हेच चाललंय. फिल्टर हे लोह बऱ्यापैकी अडवतो, पण अडवतो म्हणजे स्वतःत साठवतो. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून चार-सहा वेळा ओता, रात्रभर ठेवा, गाळ बादलीतच बसू द्या.

आणि एकदा वरची भोकांची थाळी बघा, डिफ्यूझर म्हणतात ती. ओतलेल्या पाण्याची धार मोडून ते थेंबाथेंबाने खाली सोडणं हे तिचं काम. थाळी वाकली असेल, एका बाजूने कलली असेल, किंवा उचलून ठेवली आणि परत घालायची राहिली असेल, तर बादलीचा लोट थेट वाळूवर पडतो. खड्डा पडतो, बारीक कण उडतात आणि पुन्हा बसताना वर दाट पापुद्रा करतात. थाळी काढून बघितल्यावर वाळू सपाट दिसली पाहिजे. खड्डा दिसला की कारण सापडलं.

हात घालायचाच असेल तर असा

धार खरंच मिनिटाला ०.१ लिटरवर आली असेल तर साफसफाई करायची, पण नखं कापून आणि हात साबणाने धुऊन. झाकण आणि थाळी काढा. वाळूवर साधारण चार लिटर पाणी ओता. थाळी नसल्यामुळे ते हळू, हातावरून सोडा. आता तळहात सपाट ठेवून वाळूच्या पृष्ठभागावरून गोल फिरवा, जणू टेबल पुसताय. बोटं आत रुतवायची नाहीत. वाळूचा फक्त वरचा पापुद्रा सुटला पाहिजे. पाणी चहासारखं गढूळ होईल. ते लहान भांड्याने उपसून बाहेर टाका, वाळू न उचलता. मग वाळू सपाट करा, थाळी ठेवा, टाकी भरा आणि धार मोजा. ०.४ च्या जवळ यायलाच हवी असा हट्ट नको. ०.२ किंवा ०.२५ आली तरी थांबा. नाहीच सुधारली तर हाच खेळ अजून एकदोनदा करा.

खोल का जायचं नाही? वरच्या पापुद्र्यातला गाळ दहा सेंटिमीटर खाली ढकलला की तो पुन्हा कधीच उपसून येत नाही. दर ढवळण्यात थोडा थोडा खाली मुरतो. सुरुवातीला धार वाढल्यासारखी वाटते, कारण वरचा थर फुटलेला असतो. पण पुढच्या वेळी धार लवकर मंदावते, त्याच्या पुढच्या वेळी आणखी लवकर. माझा दर रविवारचा उद्योग नेमका हाच होता. शेवटी वाळू खालपर्यंत चिखलट झाली आणि तळहाताची हलकी सफाई तिच्यापुढे निरुपयोगी ठरली.

साफसफाईनंतर जैवथर पुन्हा सावरायला काही दिवस जातात. त्या दिवसांत गाळलेलं पाणी उकळा किंवा क्लोरीनने निर्जंतुक करा. तसं ते एरवीही करावं, कारण हा फिल्टर जिवाणू आणि जंत चांगले अडवतो, पण विषाणूंच्या बाबतीत तेवढा भरवशाचा नाही. क्लोरीन घालायचं ते खाली जमा झालेल्या पाण्यात. वरून फिल्टरमध्ये कधीही नाही. थरातले जीवच मरतील. त्याच कारणाने आधीच क्लोरीन घातलेलं पाणी या फिल्टरमध्ये ओतण्यात अर्थ नाही.

साफ करूनही ढिम्म

आधी नळी. तोंडाशी शेवाळ किंवा बुळबुळीत थर साचलाय का बघा. साबणाच्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. काडी किंवा तार आत खुपसू नका. तळाच्या खडीची मांडणी हलली तर नळीतून वाळू यायला लागते, आणि मग सगळा फिल्टर उपसून पुन्हा रचण्यावाचून गत्यंतर नसतं.

मग हवा. वाळूच्या वर कायम पाणी उभं असायला हवं. ते वाळूखाली उतरलं तर कणांमधल्या जागेत हवा शिरते, आणि वरून पुन्हा पाणी ओतलं तरी ती सगळी निघत नाही. पाण्याची वाट अडवून बसते. टाकी भरताना वाळूतून बुडबुडे येत असतील तर हाच प्रकार. यावरचा उतारा म्हणजे पाणी उलटं चढवणं. नळीच्या तोंडाला तात्पुरता स्वच्छ रबरी पाइप लावा, त्याच्या दुसऱ्या टोकाला नरसाळं, नरसाळं टाकीच्या काठापेक्षा उंच धरा आणि स्वच्छ, बिनक्लोरीनचं पाणी अगदी हळू ओतत राहा. पाणी खालून वर चढत जातं आणि हवेला पुढे ढकलतं. वाळूवर पाणी दिसू लागलं की थांबा, पाइप काढा. घाई केलीत तर वाळूच उसळेल.

हवा शिरली कशी, हे मात्र शोधा, नाहीतर आठवड्याने पुन्हा नरसाळं घेऊन उभे राहाल. नव्वद टक्के वेळा, हा आपला माझा अंदाज, कोणीतरी सोयीसाठी नळीला लांब पाइप जोडून तो खालच्या हंड्यात सोडलेला असतो. पाइपचं टोक वाळूच्या पातळीखाली गेलं की तो टाकीतलं पाणी खेचून वाळू कोरडी करतो. नळीचं तोंड उघडंच राहिलं पाहिजे: पाइप नाही, तोटी नाही, बूच नाही. पाइप नसेल तर टाकीला तडा गेलाय का ते बघा.

मोजपट्टीचं काम

नळीतून थेंब पडायचा थांबला की झाकण उघडून वाळूवर किती पाणी उभं आहे ते मोजा. ५ सेंटिमीटर असावं. चार ते सहा चालेल. याहून जास्त असेल तर वाळू खचली आहे किंवा सफाईत वाहून गेली आहे. पाण्याचा थर जाड झाला की खालच्या जीवांना हवेतला प्राणवायू पुरत नाही. तेवढी धुतलेली वाळू घालून सपाट करा. कमी असेल तर थोडी वाळू काढा, नाहीतर उन्हाळ्यात तेवढं पाणी आटून थर सुकायचा. मोजण्यापूर्वी धार पूर्ण थांबू द्या, एवढंच पथ्य. तुंबलेल्या फिल्टरची धार तासन् तास रेंगाळते आणि तेवढ्यात मोजलं की पाणी उगाच जास्त दिसतं.

फिल्टर सरकवू नका. भरलेली टाकी हलवली, ठेवताना आदळली, की वाळू ठासून बसते आणि धार घटते. जागा बदलणं अगदीच भाग असेल तर आतलं सगळं काढून नव्या जागी पुन्हा रचा.

वापराची लयही बघा. धार थांबल्यावर पुढचं पाणी ओतण्याआधी किमान एक तास जाऊ द्या, आणि ४८ तासांपेक्षा जास्त काळ फिल्टर उपाशी ठेवू नका. सहलीला गेलात आणि परत आल्यावर पाण्याला कुजका वास आला तर थर मेलाय. पाणी ओतत राहा, वास जाईपर्यंत ते पिऊ नका, आणि पुन्हा महिनाभर नव्या फिल्टरसारखं वागवा. आज विहिरीचं, उद्या नदीचं असा पाण्याचा उगमही बदलत राहू नये. थरातले जीव ज्या पाण्यावर वाढलेत त्यालाच ते सरावलेले असतात. वाळूवर हिरवं शेवाळ दिसलं तर झाकण नीट बसत नाही किंवा ऊन येतंय.

पहिल्या दिवसापासून मंद

वाळू धुतलेली नाही किंवा चाळणी चुकली. वाळूचे कण ०.७ मिलिमीटरपेक्षा लहान हवेत, पण पिठासारखी भुकटी नको. मूठभर वाळू आणि तेवढंच पाणी काचेच्या बरणीत घालून गोल फिरवा आणि थांबवल्यावर तीन-चार सेकंदांत बाजूने बघा. वाळूचा पृष्ठभाग दिसला तर धुणं पुरलं. दिसलाच नाही तर अजून धुवा. पाणी काचेसारखं स्वच्छ झालं असेल तर जरा जास्तच धुतलीत. बारीक कण निघून गेले आणि आता फिल्टर वेगाने वाहील. मिनिटाला ०.४ लिटरच्या वर जाणारी जोरदार धार ही मंद धारेपेक्षा वाईट, कारण तिच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. आणि रचताना टाकीत आधी पाणी घ्या, मग त्यात वाळू सोडा. कोरड्या वाळूवर पाणी ओतलं की सुरुवातीपासूनच हवा कोंडलेली राहते.

माझी चिखलट वाळू अशी निस्तरली: वरचा १५ सेंटिमीटर थर काढून टाकला, तितकीच चाळून धुतलेली वाळू पाण्यातच हळूहळू सोडली, ५ सेंटिमीटरची खूण जुळवली आणि ३० दिवस पाणी उकळून प्यायलो. तेव्हापासून पाणी रात्रभर बादलीत निवळतं आणि साफसफाईच्या तारखा टाकीच्या अंगावर पेन्सिलने लिहिलेल्या असतात. शेवटची तारीख अकरा आठवड्यांपूर्वीची आहे. आज सकाळी एक लिटर भरायला साडेसहा मिनिटं लागली.